लिव्हर सिरोसिस आणि छातीत पुन्हा पुन्हा भरणारं पाणी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लोक काय करताय?

नंदगडची_लेक

नमस्कार. इथं बरेच महिने नुसतं वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

आमच्या आप्पांना लिव्हर सिरोसिस आहे. वय ६४. दारूला आयुष्यात शिवले नाहीत; जुनी शुगर आणि यकृतात साठलेली चरबी, यातून झालं असं निदान आहे. हे आधीच लिहिते, कारण सिरोसिस म्हटलं की गावात पहिला प्रश्न तोच येतो आणि आप्पा मान खाली घालतात.

पोटात पाणी आधीपासून होतं, गोळ्यांवर ठीक चाललं होतं. पावसाळा संपता संपता धाप लागायला लागली. बाजारातून घरी येताना मध्येच कुणाच्या तरी कट्ट्यावर बसायचे. मग रात्री सपाट झोपणं बंद झालं, तीन उशा लावून बसूनच डोळा लागायचा. एक्स-रेत उजव्या छातीत पाणी निघालं. सुईनं काढलं. त्या रात्री आप्पा पोटभर जेवले, बोलले, सपाट झोपले. आठवडा होतोय तोवर परत तेच.

आता दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत. एक म्हणतात, छातीत पाणी म्हणजे टीबीच, कोर्स सुरू करूया. दुसरे म्हणतात, नळी घालून ठेवूया, पाणी आपोआप निघत राहील. दोघंही मनापासून सांगतायत, पण आमचा जीव टांगणीला लागलाय. कुणाच्या घरी असं झालंय का?

येळ्ळूरकर

ताई, नळीला घाईनं हो म्हणू नका. कारण नंतर लिहितो, कामावर आहे. आधी एक सांगा, सुईनं काढलेलं पाणी तपासायला पाठवलं होतं का? रिपोर्टमधले आकडे इथं टाका. फिजिशियनसाहेब इथं आहेत, ते बघतील.

टिळकवाडी_फिजिशियन

ताई, आधी हे पाणी येतं कुठून ते सांगतो. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे.

सिरोसिसमध्ये यकृत कडक होतं, आतड्याकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायला लागतात आणि पोटात पाणी जमतं. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो. काही लोकांत या पडद्याला, बहुतेक करून उजव्या बाजूला, अगदी बारीक छिद्रं असतात, सेंटिमीटरपेक्षाही लहान. आपण श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो, पोटात तर तो वाढलेलाच असतो. मग पोटातलं पाणी त्या छिद्रांतून वर ओढलं जातं. याला हेपॅटिक हायड्रोथोरॅक्स म्हणतात. सिरोसिसच्या शंभर रुग्णांत साधारण ५ ते १० जणांना हे होतं आणि त्यातल्या ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांत पाणी उजवीकडेच असतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पोटात पाच-सहा लिटर पाणी झालं तरी माणूस हिंडतो-फिरतो, पण छातीत दीड लिटर झालं की जीव घाबरा होतो, कारण तिथं फुफ्फुसाला सरकायला जागा नाही. काही रुग्णांत पोटाच्या सोनोग्राफीत पाणी जवळजवळ दिसतच नाही, जमलेलं सगळं वर गेलेलं असतं. तेव्हा "पोट तर सपाट आहे, मग यकृताचं कसं असेल" असं म्हणून चालत नाही.

म्हणजे रोग फुफ्फुसात नाही. झरा चालू असताना विहीर कितीही उपसली तरी सकाळी पाणी तेवढंच दिसतं, तसं हे आहे. सुईनं काढणं धाप थांबवण्यासाठी लागतंच, पण खरा उपचार मीठ, लघवीच्या गोळ्या आणि यकृत यांच्याकडूनच करावा लागतो.

रिपोर्ट टाका. हृदयाचा इको झाला आहे का तेही सांगा. हृदयाच्या दुखण्यातही असंच पातळ पाणी होतं, ते आधी बाजूला काढावं लागतं.

नंदगडची_लेक

धन्यवाद डॉक्टरसाहेब. छातीच्या पाण्यात प्रोटीन १.४, त्यातलंच एक प्रोटीन अल्ब्युमिन ०.६. पेशी १८०, त्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ८० टक्के. टीबीसाठी बघतात ती एडीए तपासणी १४. त्याच दिवशीच्या रक्तात अल्ब्युमिन २.६, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) २.१, क्रिएटिनीन (किडनीचा आकडा) १.०, सोडियम १३३. पाण्याचं कल्चर निगेटिव्ह. इको नॉर्मल आहे असं लिहिलंय. टीबीचं त्या लिम्फोसाइट ८० टक्क्यांवरूनच म्हणाले.

टिळकवाडी_फिजिशियन

रिपोर्ट पूर्ण टाकलात, फार बरं केलंत. शेवटचा निर्णय तुमच्या समोरच्या डॉक्टरांचा, त्यांनी रुग्ण तपासलाय, मी नाही. पण या आकड्यांचा अर्थ सांगतो, म्हणजे त्यांच्याशी नीट बोलता येईल.

रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा करा. २.६ वजा ०.६ म्हणजे २.०. हा फरक १.१ पेक्षा जास्त असला की पाणी दाबामुळे झिरपलेलं असतं. प्रोटीन १.४ म्हणजे पाणी पातळ. टीबीचं पाणी सहसा घट्ट असतं, त्यात प्रोटीन बरंच जास्त सापडतं आणि एडीए बहुधा ४० च्या वर जातो. लिम्फोसाइट ८० टक्के खरे, पण एकूण पेशीच १८० आहेत. यकृताच्या पाण्यातही लिम्फोसाइट दिसतात, नुसत्या टक्केवारीवरून टीबी ठरत नाही.

आपल्या भागात टीबी आहे, त्यामुळे शंका घेणं चूक नाही. शुगरवाल्यांना टीबी होतोही. शंका असेल तर थुंकीची आणि पाण्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्या. पण पुराव्याशिवाय कोर्स सुरू करणं सिरोसिसच्या रुग्णाला महाग पडू शकतं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला त्रास देऊ शकतात. आधीच थकलेल्या यकृतावर हा भार टाकायचा तर कारण पक्कं पाहिजे. टीबी खरोखर निघाला तर सिरोसिसमध्ये औषधं बदलून, रक्त तपासत तपासत कोर्स देतात. तोही मार्ग आहे.

तेव्हा त्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून सरळ विचारा: "एडीए आणि प्रोटीन कमी असताना टीबी कशावरून?" कुठलाही चांगला डॉक्टर या प्रश्नाचा राग मानणार नाही.

येळ्ळूरकर

आता नळीचं लिहितो.

माझ्या थोरल्या भावाला हेच होतं. एका खासगी दवाखान्यात नळी घातली. पहिल्या दिवशी आम्ही खूश, दादा सरळ झोपला. मग बाटली रोज भरायला लागली. पाणी थांबेना, म्हणून नळी काढता येईना. रोजच्या त्या पाण्यातून प्रोटीन निघून चाललं होतं, अंग वाळत गेलं, क्रिएटिनीन चढलं, लघवी कमी झाली, वर ताप आला. नळी काढली तरी त्या छिद्रातून धोतर भिजेपर्यंत पाणी झिरपत राहिलं. दादा त्यातून उठला नाही. त्याचं यकृत आधीच फार खराब होतं, त्यामुळे सगळा दोष नळीचा असं मी म्हणत नाही. पण नळीपूर्वी कुणी आम्हाला हे शब्द सांगितले असते तर आम्ही विचारलं तरी असतं. ताई, तुम्ही विचारा.

टिळकवाडी_फिजिशियन

येळ्ळूरकर, तुमच्या दादांबद्दल वाईट वाटलं. तुम्ही लिहिलेला प्रत्येक त्रास या आजारात नळीमुळे होतो हे माहीत आहे: प्रोटीन आणि क्षार वाहून जाणं, जंतुसंसर्ग, किडनी बसणं. म्हणूनच यकृताच्या पाण्याला कायमची छाती-नळी घालू नये, असं यकृताचे तज्ज्ञ जगभर सांगतात. नळी लागते ती छातीत खरा पू झाला, हवा भरली किंवा रक्त साठलं तर.

सुईनं काढताना एका वेळी साधारण दीड ते दोन लिटरवर थांबतात. दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं तर त्यातच सूज येऊ शकते. काढताना छातीत आवळल्यासारखं झालं किंवा खोकला थांबेना, तर रुग्णानं लगेच सांगायचं. पोटातही भरपूर पाणी असेल तर आधी पोटातलं काढणं बरं. वरचं तिथूनच येतं. पोटातून पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, त्यावरून किती बाटल्या लागतील ते समजेल. महाग आहे, पण किडनी वाचते.

आणि सोनोग्राफीवर जागा बघूनच सुई टाकायला सांगा.

निपाणीची_सिस्टर

मी वॉर्डात खूप वर्षं काढली आहेत, घरी काय करायचं तेवढं लिहिते.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. लघवीच्या गोळ्यांवर पायाला सूज नसलेल्या माणसाचं वजन दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरू नये, पायाला सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. जास्त उतरलं की किडनीवर ताण येतो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर धाप लागायची वाट बघू नका, फोन करा.

गोळ्या म्हणजे बहुतेक स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड. सुरुवात साधारण १०० आणि ४० मिलिग्रॅमनं होते, डॉक्टर रक्त बघून हळूहळू वाढवतात. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात, म्हणून पहिल्या दिवशी लघवी वाढली नाही तर घरच्या घरी डबल करू नका. गोळ्या सकाळी द्या, रात्री दिल्या तर झोप जाते आणि अंधारात उठताना माणूस पडतो. पुरुषांना स्पायरोनोलॅक्टोननं छाती दुखते, गाठीसारखं लागतं. लाजून गोळी बंद करतात. बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी आहे.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. अशक्तपणा वाटला की आपल्याकडं गल्लीतल्या दवाखान्यात "एक सलाईन लावा की ओ" म्हणतात. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. अख्ख्या दिवसाचं मीठ एका तासात शिरेत. मी अशी माणसं बघितली आहेत की सकाळी सलाईन लावून घेतली आणि रात्री धापा टाकत आमच्याकडं आली. सिरोसिसचा पेशंट आहे हे सांगितल्याशिवाय कुठंही सलाईन लावून घेऊ नका.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, त्यांची इंजेक्शनं बंद. किडनी धरतात. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढंच, सहसा दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

उचगावची_काकू

माझे यजमान याच दुखण्यातून चाललेत, म्हणून स्वयंपाकाचं मी सांगते.

दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक लहान सपाट चमचा, त्यात सगळं आलं. मी सकाळी एका वाटीत त्यांचं मीठ काढून ठेवते आणि त्यातूनच घालते. वाटी संपली की संपली. आमटी सगळ्यांची एकत्र शिजते, मीठ घालायच्या आधी त्यांची वाटी बाजूला काढते. ज्वारीच्या भाकरीला आपल्याकडं मीठ घालत नाहीतच, ते बरंय. अडचण होते ती लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सांडगे, सुकं मासं, फरसाण आणि बेकरीचे बटर-खारी यांची. पापडात मीठ वेगळं आणि पापडखार वेगळा. खायचा सोडा आणि पोट फुगलं म्हणून घेतलेलं इनो, यातही सोडियमच.

माझ्या जावेनं सांगितलं, सैंधव चालतं. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की सैंधव हेही मीठच, तेवढंच सोडियम. आणि दुकानातलं "लो सोडियम" मीठ तर आणूच नका म्हणाल्या, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनवर पोटॅशियम आधीच वाढतं. शहाळ्याचं पाणीही याच कारणानं रोज नको.

चव यायला लिंबू, आमसूल, ओली कोथिंबीर, लसूण, जिरं, भाजलेलं तीळकूट बिनमिठाचं. पंधरा दिवस तोंड वाकडं केलं, मग जीभ वळली.

नंदगडची_लेक

काकू, वाटीची कल्पना आजच करते. आणखी एक विचारते. शेजारच्या आजी म्हणतात, डाळ-अंडी बंद करा, यकृताला जड. आणि पाणी प्यायचं कमी करा. खरं आहे का?

टिळकवाडी_फिजिशियन

दोन्ही नाही.

प्रोटीन बंद करणं ही फार जुनी समजूत आहे आणि ती रुग्णांचे दंड-मांड्या खाऊन टाकते. सिरोसिसमध्ये दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे निरोगी माणसापेक्षा जास्त. डाळ, मूग, दूध, दही, पनीर, अंडी सगळं द्या. वजन धरताना पाण्याचं वजन वजा करून धरायचं. रात्रभर उपाशी राहू देऊ नका. झोपण्याआधी दूध-भाकरी, नाचणीची खीर असं काहीतरी पोटात जाऊ दे. शुगर असल्यामुळे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. उपवास नकोत, एकादशी घरच्या दुसऱ्या कुणीतरी करावी.

पिण्याचं पाणी तेव्हाच मोजतात जेव्हा रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली जातं. आप्पांचं १३३ आहे.

कडोलीचा_बाळू

माफ करा मध्येच बोलतोय. आमच्याकडं एक बाबा काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात, लांबून लांबून लोक येतात. माझ्या आत्याच्या मुलाची कावीळ त्यानं गेली. एकदा दाखवून बघा की ताई, गोमंतकातून पण लोक येतात.

टिळकवाडी_फिजिशियन

बाळू, तुमची तळमळ समजते. कावीळ बहुतेक वेळा अ किंवा ई प्रकारच्या विषाणूची असते आणि ती धडधाकट माणसात आपली आपण बरी होते, औषध कुठलंही घ्या. सिरोसिसची गोष्ट वेगळी आहे. इथं यकृताकडं राखीव ताकद उरलेलीच नसते. पाल्यात काय आहे, किती आहे, कुणालाच माहीत नसतं. गुळवेल खाऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि ती तर आपण सगळ्यात निरुपद्रवी समजतो. ताई, कृपया नको.

कडोलीचा_बाळू

बरं साहेब. आत्याकडं पण सांगतो, तिच्या नवऱ्याला हेपॅटायटिस बी आहे.

टिळकवाडी_फिजिशियन

त्यांना नक्की सांगा. हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, २०१८ पासून. जिल्हा रुग्णालयात विचारायचं. सी तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण जातो. बी च्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, पण कारण आवरलं की पोटातलं, छातीतलं पाणीसुद्धा पुष्कळदा कमी होतं. दारूमुळे सिरोसिस झालेल्यांनाही हेच लागू. पूर्ण सोडून काही महिने झाले की ज्यांचं पाणी सुईशिवाय हटत नव्हतं अशी माणसं गोळ्यांवर येतात.

पुण्यातला_मुलगा

मूळ गाव चिकोडी तालुक्यात, नोकरी पुण्यात. माझ्या आईचं पाणी गोळ्यांना जुमानेना. गोळ्या वाढवल्या की सोडियम पडायचं, कमी केल्या की छाती भरायची. तेव्हा यकृततज्ज्ञांनी दोन नावं घेतली, टिप्स आणि प्रत्यारोपण.

टिप्स म्हणजे मानेच्या शिरेतून जाऊन यकृताच्या आत दोन शिरांना जोडणारी छोटी जाळीची नळी बसवतात, आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब उतरतो आणि पाणी कमी होतं. पण सगळ्यांना चालत नाही. बिलिरुबिन जास्त असेल, हृदय कमजोर असेल, किंवा आधी बुद्धीवर परिणाम होऊन गुंगी आली असेल तर करत नाहीत, कारण आतड्यातलं घाणेरडं रक्त यकृताला वळसा घालून मेंदूकडं जातं. आईला गुंगी येऊन गेली होती, म्हणून टिप्स रद्द झालं. मग प्रत्यारोपण. धाकट्या मावशीनं यकृताचा भाग दिला. दोघी आता बऱ्या आहेत. छातीत पाणी नाही.

आमच्या डॉक्टरांचं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं: छातीत पाणी आलं की प्रत्यारोपणाची चौकशी त्याच आठवड्यात सुरू करायची, पाणी हाताबाहेर गेल्यावर नाही.

टिळकवाडी_फिजिशियन

पूर्ण सहमत. गोळ्यांना न जुमानणारं छातीतलं पाणी असेल तर प्रत्यारोपणाशिवाय हातात उरलेला काळ बऱ्याचदा वर्षाच्या आत मोजला जातो. घाबरवायला नाही लिहीत, वेळेवर उठावं म्हणून लिहितो. बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) आणि क्रिएटिनीन यांवरून मेल्ड नावाचा गुणांक काढतात. छातीत पाणी असलेल्यांत हा आकडा कमी दिसला तरी धोका जास्त असतो, म्हणून आकडा बरा आहे म्हणून थांबायचं नाही.

छातीची आवरणं औषधानं चिकटवायचा एक उपाय असतो. या आजारात पाणी इतक्या वेगानं येतं की ती चिकटायच्या आधीच सुटतात, त्यामुळे तो फारसा टिकत नाही. काही निवडक रुग्णांत दुर्बिणीनं पडद्याची छिद्रं शिवतात, पण त्याला यकृताची ताकद लागते.

नंदगडची_लेक

मी देऊ शकते का? माझं वय २९, रक्तगट ओ. आप्पांचा बी. लग्न ठरतंय, पण ते थांबेल.

पुण्यातला_मुलगा

ताई, कायद्यानं मुलगी जवळच्या नातेवाइकांत येते: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. ओ गट बी ला चालतो. पुढं तुमचं यकृत सीटी स्कॅनवर मोजतात, तुमच्याकडं निदान ३० टक्के उरलं पाहिजे. तुमच्यात चरबी असेल तर आधी वजन कमी करायला सांगतात. दिलेला भाग काही आठवड्यांत बराचसा वाढून येतो. तरी ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि दात्यालाही धोका असतो. तिथले लोक तुम्हाला एकटीला बसवून विचारतील, मनावर कुणाचा दाब आहे का म्हणून. तेव्हा मोकळेपणानं बोला. आणि सोबत मेंदुमृत दात्याच्या यादीतही नाव घाला. कर्नाटकात ते काम जीवसार्थकते ही सरकारी संस्था बघते.

सीमेवरचा_माणूस

पैशाचं आणि कागदाचं मी लिहितो, कारण आपली माणसं इथंच अडतात.

बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. मोठ्या उपचाराला आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, ती न घेता थेट खासगीत गेलात तर पुढं फाइल अडकते. तातडीच्या वेळी वेगळा नियम असतो. बेळगावात जिल्हा रुग्णालयातून ही चिठ्ठी मिळते. बीपीएल रुग्णांच्या प्रत्यारोपणासाठी राज्याची वेगळी योजनाही आहे, दवाखान्यात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू केली. आपलं गाव यादीत आहे का आणि तुमचा उपचार त्यात बसतो का, हे कोल्हापूर-मिरजेला जाण्याआधी फोनवर विचारून घ्या. तिकडं जाऊन परत फिरणं धापेच्या माणसाला झेपत नाही.

भाषेचं. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. "मला मराठीत समजावून सांगा, मग सही करते" असं म्हणायला अजिबात संकोच करू नका. वॉर्डात मराठी येणारी सिस्टर हमखास असते. आमच्या बेळगावच्या दवाखान्यांत कन्नड बोलणाऱ्या मावशींनी माझ्या वडिलांचं जेवढं केलं तेवढं नात्यातल्यांनी केलं नाही, हेही लिहिलंच पाहिजे.

नंदगडची_लेक

सगळ्यांचं वाचताना डोळे भरून आले. एक भीती अजून विचारते. आप्पांचं शरीर प्रत्यारोपणाला योग्य नाही असं सांगितलं तर?

निपाणीची_सिस्टर

बाळा, तरीही करण्यासारखं पुष्कळ उरतं. ठरलेल्या दिवशी, धाप वाढायच्या आत, ओपीडीत सुईनं पाणी काढून घरी नेता येतं. काही ठिकाणी कातडीखालून सरकवलेली बारीक नळी ठेवतात, घरीच थोडं थोडं काढता येतं. ती वर लिहिलेल्या मोठ्या नळीसारखी नाही, पण जंतुसंसर्गाचा धोका तिलाही आहे, म्हणून ज्यांना पुढचा उपाय नाही त्यांच्यासाठीच. धाप फार त्रास देत असेल तर पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करणारे डॉक्टर अगदी कमी मात्रेत मॉर्फिन देतात, यकृत-किडनी बघून. पंख्याचा वारा तोंडावर, पाठीला टेकू, पाय खाली सोडून बसणं, यानंही फरक पडतो. आणि आप्पांना काय हवंय ते त्यांनाच विचारा. आपण दाराबाहेर कुजबुजतो, त्यांना सगळं कळत असतं.

टिळकवाडी_फिजिशियन

रात्री-अपरात्री थेट दवाखाना गाठायचा तो कधी, तेवढं सांगतो: ताप किंवा थंडी, पोटात दुखणं, बोलण्यात गोंधळ, दिवसा झोप आणि रात्री जाग, काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी एकदम कमी, किंवा ओठ निळसर. छातीतल्या पाण्यात जंतू होऊ शकतात, पोटातलं पाणी स्वच्छ असतानाही. म्हणून ताप आला तर छातीतलं पाणी पुन्हा तपासायला सांगा, पेशी मोजायला आणि कल्चरला. वेळेत सापडलं तर शिरेतल्या अँटिबायोटिकनं आवरतं. शौच रोज दोन-तीनदा मऊ झाली पाहिजे. बद्धकोष्ठानं गुंगी येते, लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध त्यासाठीच असतं.

नंदगडची_लेक

थोडं सांगायला आले. टीबीचं औषध सुरू केलं नाही. सीबीनॅट निगेटिव्ह आली आणि त्या डॉक्टरांनी स्वतःच "बरोबर आहे" म्हटलं. नळीही नाही. स्पायरोनोलॅक्टोन वाढवलं, मीठ काकूंच्या वाटीनं चाललंय. पाणी पूर्ण गेलेलं नाही, पण मधलं अंतर वाढलंय. आप्पा दोन उशांवर झोपतात. सोमवारी रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला यकृततज्ज्ञांकडं निघतोय. माझीही तपासणी तिथंच. काही राहू नये म्हणून विचारते, सोबत काय घेऊ?

निपाणीची_सिस्टर

वजनाची वही. आतापर्यंत कधी किती पाणी काढलं त्याच्या तारखा. छातीच्या आणि पोटाच्या पाण्याचे सगळे रिपोर्ट, इको, एंडोस्कोपी झाली असेल तर ती, सीटीची सीडी. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, म्हणजे नाव चुकत नाही. तुझे जुने रक्ताचे रिपोर्ट असतील तर तेही. रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं मूळ, शिवाय झेरॉक्स. खालचा बर्थ मागून घे, आणि प्रवासातल्या लघवीच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचार. डबा बिनमिठाचा घरूनच, स्टेशनवरचं वडा-चटणी आप्पांनी मागितलं तरी देऊ नकोस.

उचगावची_काकू

नाचणीचे लाडू करून ठेवलेत. बेळगाव स्टेशनवर आणून देते, गाडी यायच्या आधी फलाटावर असेन. तुझा डबा कुठला ते इथंच लिही.